परसात एक पावसाळा

घरामागचं परस फार दिवस दुर्लक्षित राहिलं की त्याची लाज वाटू लागते. मग कधीतरी चार पैसे हातात येतात आणि ती लाज झाकायची घाई होते. ट्रकभर लाल माती येते, नर्सरीतली ऐन फुललेली रोपं येतात, लॉनचे तुकडे येतात, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसतात. पुढच्या मे महिन्यात लॉन पिवळं पडलेलं असतं, रोपांच्या काड्या झालेल्या असतात आणि पावसाचं पाणी न मुरता शेजाऱ्याच्या भिंतीशी जाऊन उभं राहतं. बघण्याचं काम टळावं म्हणूनच आपण पुष्कळदा पाकीट उघडतो.

पैसे कमी असले की एक पावसाळा नुसतं बघावं लागतं, आणि ते बरंच असतं. पाणी कुठे साचतं, कुठून वाहून जातं, ऊन कोणत्या कोपऱ्यात किती वेळ टिकतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा घराच्या उत्तरेचं परस सावलीत जातं. मे महिन्यातलं ऊन बघून जागा ठरवली, तर मार्गशीर्षात तिथली वांगी रुसून बसतात.

पडीक जागा रिकामी नसतेच. पहिल्या सरींनंतर टाकळा, घोळ, कुर्डू आपले आपण उगवतात, आणि या तिन्ही भाज्या आहेत. लव्हाळा दाट माजला असेल तर तिथे बहुधा ओल धरून राहते. गाजरगवताला मात्र दया नको. 1955च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलेलं हे गवत देशभर पसरलं, कारण एकेक झाड हजारो बिया टाकतं. फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं. अंगाला लागलं तर खाज सुटते.

बाकीच्या गवतासाठी किराणा दुकानातले खोके मागून आणावेत. चिकटपट्टी काढून पुठ्ठा भिजवून अंथरायचा आणि वर वीतभर पालापाचोळा टाकायचा. उजेड तुटला की खालचं गवत मरतं, आणि पुठ्ठ्यासकट सगळ्याची हळूहळू माती होते. लव्हाळा याला दाद देत नाही, त्याच्या गाठी खणूनच काढाव्या लागतात. पाला जाळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. माती विकत आणायची आणि होऊ घातलेली माती पेटवायची! गणित शिकवणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना हाच हिशेब मांडून दाखवला होता: पानांवर पडणारं ऊन हे भांडवल, आणि गळलेलं पान ही त्याची बचत.

झाडं बहुतेक फुकट मिळतात. जास्वंद, अडुळसा, शेवगा फांदीवर येतात. जुन्या कढीपत्त्याच्या बुडाशी फुटवे असतातच. मोरीचं पाणी जाईल तिथे अळू आणि कर्दळ. धणे पेरण्याआधी रगडून दोन फाकी करायचे, एरवी ते उगवायला फार वेळ लावतात. चोरून आणलेली फांदी चांगली जगते असं म्हणतात. आपण मात्र शेजारीण घरी असताना जावं. फांदीबरोबर ती पाणी कधी घालते, कीड कशी घालवते, हेही कळतं.

पैसे घालावेत ते दोनच गोष्टींत. एक, लोहाराकडचं चांगलं खुरपं, आपल्या मुठीत बसणारं. कुदळ-घमेलं दोन दिवसांसाठी उसनं मिळतं. दुसरं, हौस असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतलं आंब्याचं एक कलम. हापूसच्या कोयीतून हापूसच निघेल याचा भरवसा नसतो. पण तेही पहिल्या वर्षी नको. वाढल्यावर त्याची सावली कुठवर जाईल, तिच्याखाली काय झाकलं जाईल, हे कळल्यावरच खड्डा घ्यावा.