दोन डगरी

रायपूरच्या एका मराठी घरातला मुलगा सप्रे शाळेच्या मैदानावर मधल्या फळीत फुटबॉल खेळायचा. मित्र त्याला ‘नागपूरवाला’ म्हणायचे आणि नागपूरची मावसभावंडं ‘छत्तीसगढिया’. यंदा त्याने दोन्ही शहरांत निवड चाचणीचे अर्ज भरले. जिथे जमेल तिथे जाऊ, असा विचार. तेव्हापासून त्याचा खेळ आटला. इथे पाय मुरगळला तर नागपूर हुकेल, या धास्तीने तो चेंडूवर झेपावेना. समोरच्याशी भिडायची वेळ आली की अर्धं पाऊल मागेच राही.

आजोबांनी कडेला उभं राहून हे पाहिलं. घरी जाताना त्यांनी विचारलं, “अराता इझुमी माहीत आहे?”

मुलाने नकारार्थी मान हलवली.

“तोही तुझ्यासारखा मधल्या फळीतला. 1982 चा, जपानमध्ये जन्मलेला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. 2006 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्यात आला. मग मुंबईत महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. इथे रुळला, तशी भारताकडून खेळायची ओढ लागली. पण त्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो आणि आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व बसत नाही. जपानचं सोडायचं, तेही संघात जागा मिळेल याची हमी नसताना, तिशीच्या उंबरठ्यावर! मधल्या फळीत सगळं मैदान तुडवावं लागतं, आणि त्या वयात दम कमी व्हायला लागतो. तरी 2012 मध्ये त्याने ते सोडलं. 2013 मध्ये भारताची निळी जर्सी अंगावर आली. पुढे इंडियन सुपर लीगमध्ये तो कोलकात्याच्या संघाकडूनही खेळला. मला मात्र त्या सगळ्यापेक्षा त्याचा तो निर्णय मोठा वाटतो.”

“मग मी नागपूर सोडू?”

“रायपूर सोडलंस तरी माझी हरकत नाही. पण एक काय ते ठरव. दोन डगरींवर हात ठेवणारा दोन्हीकडे पाहुणाच राहतो. ज्या मैदानावर घाम गाळायचा, ते आधी आपलं म्हणावं लागतं, बेटा. ही शाळा ज्यांच्या नावाची, ते माधवराव सप्रेही मराठीच. 1900 मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं आणि 1926 मध्ये याच रायपुरात देह ठेवला. त्यांना इथे कोणी बाहेरचं म्हणतं का?”

त्या रात्री मुलाने मावशीला फोन केला. बराच वेळ बोलला.

पुढच्या सामन्यात त्याने घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला चेंडू काढला. दोघंही आपटले. त्याचा गुडघा सोलवटला. हात देऊन उठवताना सोबत्याने छत्तीसगढीत विचारलं, “नागपुर कब जाबे?”

“देवारी मा, मौसी घर,” म्हणत तो उठला आणि पास मागायला धावला.