पेरू की थांबू?

पुण्यात हवामानशास्त्राच्या एम. एस्सी.ला गेल्यापासून गावाकडचे काका मला एकच विचारतात, "अरे, पेरू की थांबू, एवढं सांग."

शास्त्र मात्र निराळेच शिकवते. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी गणकयंत्राला .५०६१२७ ऐवजी .५०६ एवढाच आकडा दिला आणि यंत्रातले पुढचे सारे हवामान हळूहळू पालटून गेले. आरंभीची इवलीशी उणीव अशी वाढत जाते. म्हणून दोनएक आठवड्यांपलीकडे अमक्या दिवशी पाऊस पडेलच, असे छातीठोक सांगता येत नाही.

मग "शक्यता साठ टक्के" हे उत्तर प्रामाणिकपणाचे, की अंग राखून बोलण्याचे? बियाणे काही साठ टक्के पेरता येत नाही!

तरीही मला वाटते, खोटा धीर देण्यापेक्षा ज्ञानाची सीमा सांगणेच बरे. मात्र आकडा सांगून हात झटकणेही बरे नव्हे. पाऊस हुकला, तर दुबार पेरणीचा भुर्दंड काकांना पडतो, मला नाही. तेव्हा पेरले तर काय जाईल, आठवडाभर थांबले तर काय जाईल, याचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडावा. निर्णय त्यांचाच, पण तो घेताना त्यांना एकटे सोडू नये.