वेष्टनावरचे सत्य

बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः शेगावच्या गजानन महाराजांच्या भक्तांमध्ये, गुरुवारचा आणि एकादशीचा उपवास निष्ठेने पाळला जातो. उपवासकर्ता फराळी चिवड्याचे पाकीट घेताना त्यात धान्य नाही ना आणि मीठ सैंधव आहे ना, हे आवर्जून विचारतो, परंतु चिवडा कोणत्या तेलात तळला आहे, हा प्रश्न त्याच्या व्रतविचारात सहसा येत नाही. हा प्रश्न आरोग्याचा आहे, तितकाच सत्याचाही आहे.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाचा, म्हणजे साधकाच्या मूलभूत संयमाचा, विचार करताना शब्द वस्तुस्थितीला धरून असणे पुरेसे मानलेले नाही. वाणी बोध पोहोचवण्यासाठी असल्याने ती फसवी, भ्रांत किंवा ऐकणाऱ्याच्या दृष्टीने बोधशून्य असू नये, असे भाष्यकार सांगतात. फसव्या वाणीचे उदाहरण म्हणून टीकाकार वाचस्पती मिश्रांनी अश्वत्थाम्याविषयी युधिष्ठिराने द्रोणांना दिलेले उत्तर घेतले आहे.

पामतेलात तळलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर 'कोलेस्टेरॉल नाही' असे छापले असेल, तर ते त्याच जातीचे सत्य होय. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच. मात्र पामतेलाचा सुमारे अर्धा भाग संपृक्त मेदाचा, म्हणजे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या स्निग्धांशाचा असतो, आणि त्याविषयी ग्राहकाला निर्धास्त करण्याचे काम ते खरे वाक्य करते.

बोधशून्यतेचा दोष याहून गंभीर मानावा लागेल. अन्नपदार्थाचा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापला की नियमाची पूर्तता होते, त्यामुळे मेहकरच्या बाजारात मराठी शाळेत शिकलेल्या गृहिणीच्या हाती बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांतली यादी पडते, आणि तिच्यापुरते ते सत्य उच्चारलेच गेलेले नसते. तिला आकडे मात्र वाचता येतात: दिवसाचे प्रमाण २२ ग्रॅम संपृक्त मेद असे धरलेले असल्याने, १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम लिहिलेले १०० ग्रॅमचे पाकीट एकटीने संपवले तर निम्मे प्रमाण तिथेच संपते. यादी कुणाकडून वाचून घेतली, तर तिचा क्रमही उपयोगी पडतो: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पहिल्या दोन-तीन नावांत पामोलिन किंवा वनस्पती तूप असेल तर अधिक शोधाची गरज उरत नाही. एरवी खाल्ल्या जाणाऱ्या सुट्या खारी-टोस्टला तर वेष्टनच नसते. तिथे बेकरीवाल्याला विचारणे एवढाच मार्ग आहे.

वाणी प्राणिमात्रांच्या हितासाठी असावी, घातासाठी नव्हे, अशीही व्यासभाष्याची अट आहे. तेलात हायड्रोजन मिसळून ते अर्धवट घट्ट करताना जो ट्रान्स फॅट नावाचा मेद तयार होतो, तो अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतो आणि हितकारक घटवतो. म्हणूनच शासनाने त्याचा केवळ उल्लेख बंधनकारक करून न थांबता २०२२ पासून तेल-तुपातील त्याच्या प्रमाणावर २ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि ते योग्यच झाले. संपृक्त मेदावर अशी मर्यादा नाही. तिथे सारा भार छापील शब्दावर आहे, आणि म्हणून तो शब्द मराठीत, ठळक अक्षरांत, पाकिटाच्या दर्शनी बाजूस मागणे हा उपवासकर्त्याचा हक्क ठरतो.