पराभूतांचा तट

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात स्टौर नदीकाठी हॉड हिल नावाची टेकडी आहे. लोहयुगात ड्युरोट्रिजिस लोकांनी तिचा माथा तट आणि खंदक यांनी वेढून घेतला होता. इ. स. ४३ च्या स्वारीनंतर रोमन सैन्याने त्याच गडाच्या वायव्य कोपऱ्यात आपले ठाणे वसविले. उत्तरेस व पश्चिमेस जितांचाच तट कामी आला. नवी तटबंदी घालावी लागली ती केवळ उरलेल्या दोन बाजूंना. पुढे दहा वर्षांच्या आतच ते ठाणेही ओस पडले.

ज्याला अडवायचे त्याचेच रक्षण तटाने करावे, हा त्या तटाचा द्रोह म्हणावा काय? मातीला पक्ष नसतो, हे उत्तर सोपे, पण अपुरे आहे. ती माती खणणाऱ्या आणि वाहणाऱ्या पिढ्यांचे श्रम तटात साठलेले असतात, आणि श्रम बळकावता येतात. मात्र ते वापरताना जेता, नकळत का होईना, जितांच्या कौशल्याची साक्ष देतो.

याहून अवघड प्रश्न स्मृतीचा. ड्युरोट्रिजिसांनी लिहिलेला इतिहास नाही. व्हेस्पेशियनने वीसहून अधिक ठाणी जिंकल्याचे सुएटोनियस सांगतो. त्यांची नावे देत नाही. १९५१ ते १९५८ या काळात इयान रिचमंड यांना हॉड हिलवरील एका घराभोवती यंत्राने फेकलेल्या बाणांची लोखंडी टोके एकवटलेली आढळली. ते सरदाराचे घर असावे, त्यावरील माऱ्यानेच गड शरण आला असावा, असे अनुमान त्यांनी काढले. हा नुसता नेमबाजीचा सराव असेल, अशी शंकाही पुढे घेतली गेली. त्याच परगण्यातील मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ च्या उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांवरून रोमन हल्ल्याची चित्तथरारक हकीकत उभी केली. १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेल्या याच व्हीलरांनी नंतर मोहेंजोदडोच्या सांगाड्यांसाठी प्रत्यक्ष इंद्रालाच आरोपी केले! दोन्ही कथा टिकल्या नाहीत. मेडन कॅसलचे मृत्यू एका दिवसाचे नव्हते, अनेक दशकांत विखुरलेले होते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनाने दाखविले.

मुक्या मृतांना वीरमरण बहाल करणे, ही करुणा वाटते खरी. परंतु तीत जेत्याचे आगमन हीच त्यांच्या आयुष्यातील एकमेव घटना ठरते. तट रोमनांनी घेतला. मृत्यूचा अर्थही मग त्यांच्याच खाती जमा होतो.

हॉड हिलच्या आग्नेय भागात नांगर फिरला नाही. तेथे गवताखाली वर्तुळाकार घरांच्या खुणा अद्याप दिसतात. रोमन येण्यापूर्वी त्या टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटत होत्या, आणि त्या चुलींविषयी कोणतीही थरारक हकीकत कोणी लिहिलेली नाही.