बेदाण्याचा तक्ता



तुझा एक्सेलचा तक्ता तीनदा वाचला. द्राक्षे 25 रुपये किलो, चार किलोंना एक किलो बेदाणा, वाळवण-प्रतवारीचा खर्च किलोमागे 30 रुपये, विक्री 160. किलोमागे 30 रुपये सुटतात. हप्ता, भाडे, राखणदार मिळून वर्षाचा ठरलेला खर्च 6 लाख, म्हणजे 20 टनांवर ना नफा ना तोटा. शेड 25 टनांची. गणित चोख आहे. पण त्यातला ‘चार’ तू कुठून आणलास?

चारास एक हे प्रमाण गोडी पुरती भरलेल्या, 22-24 ब्रिक्सच्या मालाचे. ढग बघून बागाईतदार आठ-दहा दिवस आधीच घड उतरवतो तेव्हा मण्यात पाणीच जास्त असते. मग साडेचार किलो लागतात. तक्त्यात तेवढा एकच आकडा बदलून बघ. कच्चा माल साडेबाराने महागतो, किलोमागे साडेसतरा रुपये उरतात आणि 6 लाख भागवायला 34 टनांहून जास्त बेदाणा लागतो. तेवढा तुझ्या शेडमध्ये मावतच नाही. त्यात द्राक्षे 30 रुपयांवर गेली, तर किलोमागे 5 रुपये पदरचे जातात.

एक्सेलमध्ये ‘व्हॉट-इफ’खाली ‘डेटा टेबल’ आहे. आडव्या ओळीत द्राक्षाचा दर, उभ्या रकान्यात प्रमाण घाल. कर्जाचा निर्णय त्या चौकटीतल्या सर्वांत वाईट घरांकडे बघून घे. पुढच्या वर्षांचा नफाही आजच्या मोलात आण. दहा टक्के दराने सात वर्षांनंतरचे 100 रुपये आजचे जेमतेम 51 भरतात.

मी हे जीव तोडून सांगतोय, कारण एका एप्रिलमध्ये माझा माल जाळीवर असताना सलग तीन दिवस पाऊस झाला. रात्री बॅटरी घेऊन शेडमध्ये गेलो. आदल्या दिवशीचे हिरवे मणी हाताला चिकटत होते, सकाळी ते तांबूस पडले. सौद्यात दर कोसळला. माझ्या वहीत सगळे खर्च होते, पावसाचा रकाना नव्हता. हप्ते फेडायला चार वर्षे लागली.

बँकेत जायच्या आधी घरी ये. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आहे. तू ज्यांची द्राक्षे घेणार, त्या बागांत आपण दोघे जाऊ आणि तुझा ‘चार’ मोजून आणू.

तुझा काका