राजधानीतील स्मारके आणि आपले ऋण

देवळात जाऊन आलेला मनुष्य ‘दर्शन घेतले’ असे म्हणतो, पेठेतून आलेला ‘बाजार केला’ असे म्हणतो. राजधानीतील स्मारके हिंडून आलेला मात्र ‘दिल्ली पाहिली’ एवढेच म्हणतो. क्रियापदांतील हा भेद सहज पडलेला नाही. दर्शनात पाहणारा स्वतःही देवाच्या दृष्टीस पडतो, बाजारात काही देऊन काही घ्यावे लागते. नुसते पाहणे हे मात्र बिनखर्चाचे काम आहे. तेव्हा स्मारकापुढे उभे राहणाराने काही द्यावयाचे असते काय, आणि असल्यास ते कोणास, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

स्मारकाचा हेतू उघड आहे. मनुष्याची स्मृती अल्पायुषी असते. आजोबांचे नाव आपण चटकन सांगतो. पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले की अडखळतो. म्हणून जे विसरू नये असे समाजास वाटते, ते तो दगडाच्या हवाली करतो. परंतु ह्या हवाली करण्यातच एक धोका आहे. दागिने पेढीत ठेवले की घरधनी निश्चिंतपणे झोपतो. त्याचप्रमाणे दगड आपल्यावतीने आठवण ठेवीत आहे ह्या समजुतीने आपण स्वतः आठवण ठेवण्यातून मोकळे होतो. शिवाय दगड जितका टिकाऊ, तितका त्याचा अर्थ टिकाऊ नसतो.

दिल्लीचे इंडिया गेट हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. लट्यन्स ह्या स्थापत्यकाराने योजिलेल्या ह्या कमानीचा पाया १९२१ साली घातला गेला व १९३१ साली तिचे उद्घाटन झाले. पहिल्या महायुद्धात व त्यामागून झालेल्या अफगाण युद्धात पडलेल्या शिपायांपैकी १३,००० हून अधिक नावे तीवर कोरलेली आहेत. त्या युद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सैन्यात मराठा पलटणी होत्या; १९१६ साली कूत येथे शरण जावे लागलेल्या फौजेचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ असे होते. हे शिपाई साम्राज्यासाठी लढले, स्वदेशासाठी नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल तर तो खोटा म्हणता येणार नाही. पुढे १९७२ साली ह्याच कमानीखाली अमर जवान ज्योती प्रज्वलित झाली, आणि २०२२ साली ती शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. समोरच्या छत्रीतील पंचम जॉर्ज बादशहांचा पुतळा १९६८ साली हलविला गेला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ती छत्री रिकामी राहिली व २०२२ साली तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस ह्यांचा पुतळा बसला. दगड तेच, परंतु त्यांना बोलावयास लावणारा प्रत्येक पिढीत निराळा.

ढोकीसारख्या गावातून दिल्लीस गेलेल्या मनुष्यास ह्याहूनही जवळचा पेच तीन मूर्तीच्या चौकात पडावा. तेथील तीन सैनिक हे हैदराबाद, म्हैसूर व जोधपूर ह्या संस्थानांच्या घोडदळांचे प्रतिनिधी आहेत. १९१८ साली हैफा जिंकणाऱ्या पथकात ही घोडदळे होती. आता ढोकी हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे त्या तिघांपैकी एक शिपाई ढोकीकराच्या आजोबांच्या ‘सरकारचा’ आहे. आणि त्याच सरकारच्या जोखडातून सुटण्यासाठी ह्या भागातील माणसांनी तुरुंग सोसले, प्राणही दिले. मग त्या पुतळ्यापुढे मान लववावी की पाठ फिरवावी? माझ्या मते मान लववावी. ज्या कार्यासाठी मनुष्य मेला ते कार्य आपणांस मान्य नसले, तरी त्याचे मरण खरे असते. शौर्य एका तराजूत व कार्य दुसऱ्या तराजूत तोलता आले पाहिजे. हे ज्याला साधत नाही, त्याला इतिहासातील निम्म्या माणसांशी कृतघ्न व्हावे लागेल.

येथवर बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. परंतु प्रश्नाचा कठीण भाग ह्यापुढे आहे, आणि तो उभारलेल्या स्मारकांविषयी नसून न उभारलेल्या स्मारकांविषयी आहे.

१७ सप्टेंबर हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, व ते योग्यच आहे. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखालील तो लढा, रझाकारांचे जुलूम आणि त्यांत बळी पडलेले लोक ह्यांचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु १९४८ सालच्या त्या पोलीस कारवाईच्या वेळी व तिच्यामागून सूडाची जी लाट उठली, तीत असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस ह्या प्रदेशात फिरून चौकशी केली. मृतांचा आकडा २७,००० ते ४०,००० असावा असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ह्या मृतांसाठी राजधानीत कमान नाही की ज्योती नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे उकरून काढल्याने हुतात्म्यांच्या सन्मानास उणेपणा येतो. परंतु सन्मान हा काही वाटून घेतल्याने कमी होणारा ऐवज नव्हे. ज्यांनी जुलमाविरुद्ध देह ठेवला, त्यांच्या नावाने झालेला जुलूम झाकून ठेवणे हाच त्यांचा खरा अपमान होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जे घडले ते आम्ही केले नाही. आमच्या जन्मापूर्वीच्या कृत्याचा दोष आम्हांस का? दोष नाही, हे मी मान्य करतो. परंतु मग हुतात्म्यांचा पराक्रम तरी आम्ही कोठे केला? पूर्वजांच्या कीर्तीवर वारसाहक्क सांगावयाचा आणि त्यांच्या देण्यावर मात्र ‘आमचा संबंध नाही’ असा शेरा मारावयाचा, हा व्यवहार कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. आपल्या धर्मशास्त्राने बापाचे कर्ज मुलावर ठेवले. द्यूत व मद्य ह्यांपायी काढलेल्या कर्जातून मात्र त्याने मुलास मोकळे केले, हे खरे. आणि एखादा चतुर मनुष्य ह्या अपवादाचा आश्रय घेऊ पाहील. परंतु जुगाऱ्यास पैसे पुरविणारा सावकार त्याच्या व्यसनात भागीदार असतो, म्हणून त्याचा हक्क बुडतो. येथे ज्याचे देणे आहे तो कोणत्याही पापात भागीदार नव्हता. तो केवळ बळी होता. त्याचे देणे बुडत नाही.

हे देणे फेडण्यास नवा दगडच हवा असे नाही. त्याची रीत आपल्या घरातच आहे. तर्पणात स्वतःच्या पितरांना पाणी दिल्यावर, ज्यांना कोणी आप्त उरला नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडली जाते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखलेली असते. ज्या समाजाने परक्या व अनाम मृतांची एवढी दाद ठेवली, त्यास आपल्याच शिवेतील मृतांचे नाव घेणे जड का जावे?

राजधान्यांचा दगड किती टिकतो हे पाहावयास दिल्लीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. ढोकीजवळचे तेर हे एके काळचे तगर. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे, आणि तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे. त्या वैभवाचे बरेचसे आता पांढरीच्या टेकाडांखाली आहे. टिकून राहिले ते त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, कारण तेथे पूजा चालू राहिली. आणि गोरोबाकाकांची समाधी, कारण तेथे लोक चालत येत राहिले. स्मारकास आयुष्य देते ते त्यापुढे घडणारे कर्म. दगड हे केवळ निमित्त.

तेव्हा राजधानीस अवश्य जावे, मुलांनाही न्यावे, आणि कोरलेली नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. मात्र त्यांनी ‘येथे कोणाची नावे नाहीत?’ असे विचारले, तर त्यांस गप्प बसवू नये. जे ठाऊक असेल ते, आपल्या गावापासून आरंभ करून, त्यांस सांगावे.