सरवा कोणाचा?

मानवतच्या शिवारात कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटल्या जातात. कित्येक बांधावरच पेटवून दिल्या जातात. ह्या काडीला आपण कचरा म्हणतो. परंतु १९२४ साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून फळ्या तयार करून दाखविल्या. लाकडाचा कीस सिमेंटात कालवून घरबांधणीचे तक्तेही करतात. लाकडातील साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. म्हणून तो कीस आधी पाण्यात भिजवून धुऊन घ्यावा लागतो.

परमेश्वराच्या निर्मितीतील काडीही वाया जाऊ नये, हे खरेच. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. भूमिहीन मजूर स्त्री पऱ्हाट्यांची मोळी डोक्यावरून घरी नेते. तिचे ते सरपण आहे. उद्या पऱ्हाटीला भाव आला, तर शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडतील आणि ते न्याय्यच आहे. पण तिची चूल कशावर पेटावी?

जुन्या करारातील नियमशास्त्राने शेताच्या कडा आणि सरवा गरिबांसाठी राखून ठेवला होता. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच जगली. तो सरवा दान नव्हता, तिचा हक्क होता. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात धरतीची आणि दीनांची हाक एकत्रच ऐकण्यास सांगितले.

म्हणून पऱ्हाटीची गाडी कारखान्याकडे निघण्यापूर्वी त्या माउलीचा वाटा आपण ठरवून ठेवला पाहिजे.